होडीला हाक

"चौगुले, ही कोण बया नदीवर ठाण मांडून बसलीया, जरा बग की."

शिंत्रे सरांनी त्यांचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. त्यावर आमच्या खेळाचा नकाशा होता आणि नकाशावर खेळणाऱ्या लोकांचे ठिपके. झाडून सगळे ठिपके नदी ओलांडून पलीकडच्या रानात पांगले होते. एकच ठिपका अलीकडच्या घाटावर होता.

"बया आहे की बाप्या, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"बाप्याच्यात एवढा चिवटपणा नसतोय. दिवाळीच्या आधीपासनं तिथंच हाय."

कोल्हापुरात राजारामपुरीला, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मोबाइलवर खेळायचा एक मराठी खेळ आम्ही मोठ्या हौसेने काढला होता, 'नदीपलीकडची शाळा'. चिमी नावाची मुलगी होडीतून नदी ओलांडते, पलीकडच्या रानातून वाट काढते, कोडी सोडवते आणि शाळेपर्यंत पोचते, अशी गोष्ट. गोष्ट मी रचली होती. चित्रं कांचनची. शिंत्रे सर मालक, त्यामुळे बाकीचा आरडाओरडा त्यांचा.

खेळाचा पहिला भाग नुसता शिकवणीचा होता. त्यात खेळणारा चिमी नसतो, चिमीची आई असतो. घरात, अंगणात, बाजारात फिरायचं, वस्तू कशा उचलायच्या ते शिकायचं, चिमीला हाताशी धरून घाटावर आणायचं आणि भाकरीचं गाठोडं तिच्या पिशवीत घालायचं. मग 'होडीला हाक मार' असं बटण येतं. ते दाबलं की होडी येते, चिमी चढते, वळून म्हणते, "येतो वं माय. जेवून घेजो." होडी धुक्यात शिरते आणि तिथून पुढे खेळणारा चिमी होतो.

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं, 'आई, मी निघते.' आवाजासाठी नटी आणणं परवडणारं नव्हतं म्हणून कांचननेच चिमीचा आवाज दिला. ती मूळची वऱ्हाडातली, तिकडे बायकाही 'येतो', 'बोलतो' असंच म्हणतात. पण लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून इतकी इकडच्यासारखी बोलायची की आम्ही ते विसरूनच गेलो होतो. माइकसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून एकदम हे निघालं. "पुन्हा घेऊया," ती घाईघाईने म्हणाली. शिंत्रे सर म्हणाले, "गप. हेच राहू दे." लोकांनी पुढे जे काही कौतुक केलं ते याच वाक्याचं केलं. खेळून मोठी झालेली मुलं अजून मला सांगतात, की ते वाक्य ऐकायला ती खेळ पुन्हा पहिल्यापासून लावायची.

तर घाटावरच्या ठिपक्याने होडीला हाक मारलीच नव्हती. रोज दुपारी चिमीला घेऊन घाटावर यायचं, थोडा वेळ थांबायचं आणि परत घरी.

"पुढच्या खेपेला बदल करून टाक," शिंत्रे सर म्हणाले. "घाटावर पोचलं की होडी आपोआप येऊ दे, चिमीला घेऊन जाऊ दे. लोक पैल्याच भागात रेंगाळाय लागले तर पुढचा खेळ कोण बघणार?"

मी मान डोलावली. पण मला नसत्या चौकशा करायची खोड लहानपणापासून आहे. माणूस दार उघडं असून बाहेर का पडत नाही, हे मला कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात तक्रारींच्या फोनवर एक आवाजी निरोप आला. वयस्क बाईचा आवाज, मागे पोरांचा कालवा.

"हालो, खेळवाले दादा, तुमचा खेळ अटकते हो. पोरीच्या पिशवीत काई टाकलं का फोनच बंद पडते. तेवढं दुरुस्त करून द्या ना बाप्पा."

नंबरावरून तपासलं. तोच ठिपका. "बया निघाली," मी सरांना सांगितलं. सरांनी मिशीवर हात फिरवला.

बिघाड शोधायचा म्हणून मी तिचा खेळ माझ्या मशीनवर उघडला आणि चिमीची पिशवी पाहिली. पिशवी फुगून चिमीपेक्षा मोठी झाली होती. चूक माझीच होती. त्या भागात द्यायचं काय, तर एक भाकरीचं गाठोडं. म्हणून पिशवीत किती मावावं याला मी हद्दच घातली नव्हती. बाकीच्या वस्तू नुसत्या शोभेच्या आणि उचलायच्या सरावाच्या. या बाईने मात्र त्या सगळ्या नव्हत्या उचलल्या. घागर घेतली नव्हती, कंदील घेतला नव्हता, बाजारातले पेढे घेतले नव्हते. गहू, नारळ, हळकुंड, सुपारी आणि चोळीचा खण. रोज एवढंच, रोज पुन्हा.

"नारळाचा ठोक व्यापार काढायचा विचार दिसतोय," सर म्हणाले.

मला हसू आलं, पण समाधान झालं नाही. आमच्या घरी आई मी लहान असतानाच गेली. पुढे आम्ही तिघे पुरुष, तिन्हीत्रिकाळ खानावळीचा डबा. घरातल्या बायका काय करतात, कशाबरोबर काय देतात, हे माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ तिला फोन लावला.

"नमस्कार, मी खेळाच्या कंपनीतून बोलतोय. निरंजन चौगुले."

"अगंबाई! तुमी खरंच फोन केला? थांबा हं. ए पोट्ट्याहो, चिल्लावू नका रे! अंगणवाडीतून बोलतो दादा मी. सेविका हावो अठी."

"तुमच्याकडे कसा आला हा खेळ?"

"पोट्टे लय रडतात ना सकाळी. थे मदतनीस पोरगी हाय, तिनं टाकून देल्ला फोनमंदी. मी काई पाह्यत नव्हती. खिचडीचं पाहू राह्यली होती. मंग आवाज आयकला." ती थांबली. "मंग मी खेळाले लागली."

"फोन अडकतो ते मी दुरुस्त करतो. पण एक विचारू का? तुम्ही होडीला हाक का मारत नाही?"

"हाक मारली का चालली जाते ना थे."

"जाते. पण पुढे चिमीचा खेळ सुरू होतो. तुम्हीच चिमी होता."

"आनि माय?"

"आई अलीकडे राहते."

"मंग दिसते का पुन्हा?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही. आईचं काम तिथे संपतं."

मागच्या पोरांना तिने एकदा दटावलं. मग ती म्हणाली, "तुमी लोकायनं असं काऊन केलं बाप्पा?"

त्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी आजवर या खेळावर मोठी मोठी भाषणं ठोकली होती, पण या प्रश्नाला मला उत्तर सुचेना. फोन ठेवल्यावर सुचलं. माझ्या लेखी आई सुरुवातीला असते आणि मग नसते. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

"आता पुढच्या महिन्यात होडी आपोआप येणार आहे," त्या वेळी फोनवर मी कसंबसं एवढंच म्हणालो. "सगळ्यांसाठीच."

"म्हंजे माह्या हातात नाई राहणार?"

"नाही."

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या पोरीचा आवाज कोणाचा हाय?"

"आमच्या ऑफिसातच आहे एक जण."

"बरी हाय ना थे?"

"हो. बरी आहे की."

"जेवते का टायमावर?"

"अं... हो. डबा आणते रोज."

"बरं बरं. ठेवतो मंग," असं म्हणून तिने फोन ठेवला. कोणाच्या आवाजाबद्दल माणूस असं विचारतो?

कांचन खिडकीपाशी बसून नव्या पुलाचं चित्र रंगवत होती. मी तिला माझ्या मशीनपाशी बोलावलं.

"हे बघ. हिची पिशवी. तुझ्याच वस्तू आहेत ना?"

"अय्या, एवढे नारळ!" ती हसली. "कुणी भरलेत रे?" मग तिने पिशवीतल्या वस्तू पुढे सरकवल्या. गहू, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. आणखी पुढे सरकवल्या. पुन्हा तेच. हसू कधी मावळलं ते मला दिसलं नाही.

"ही ओटी आहे," ती म्हणाली.

"कसली?"

"ओटी रे. लेक सासरी निघाली की आई तिच्या पदरात घालते ते. तुमच्याकडे तांदळाने भरतात. आमच्या घरी गव्हाने." तिने बाजाराच्या चित्राकडे बोट दाखवलं. "तांदूळही काढलेत मी तिथे. त्याच फळीवर. हिने तांदूळ सोडून गहू उचललेत. कोण आहे ही?"

मी तिला आवाजी निरोप ऐकवला. 'फोनच बंद पडते' इथपर्यंत आला आणि तिने खुर्चीच्या पाठीला धरलं. निरोप संपला. "पुन्हा लाव," ती म्हणाली. मी पुन्हा लावला.

"माय आहे माझी," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते थोडक्यातच सांगितलं. सुकुमारशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, तिने जातीबाहेर लग्न केलं. वडिलांनी आईला शपथ घातली, या घरात तिच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. कांचन सकाळच्या एसटीने एकटीच निघाली. आई मधल्या खोलीत उभी होती, हातात सूप होतं, सुपात गहू होते.

"वाटलं, गहू निवडायला घेतले असतील," कांचन म्हणाली. "एवढ्या सकाळी कोण गहू निवडतं रे? मी कितीदा घरी फोन केला. उचलते, आवाज ऐकते आणि काही न बोलता ठेवून देते. मला वाटायचं रागावलीय."

"रागावलेली नाही. मी बोललोय तिच्याशी. तू वेळेवर जेवतेस का, विचारत होती."

तेव्हा कांचन रडली. तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता. मी उगाच उठून पाण्याचा ग्लास भरून आणला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिलो.

शिंत्रे सरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी स्क्रीनवरच्या ठिपक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाईट वाटतं, चौगुले. पण खेळ सगळ्यांसाठी हाय, एका बाईसाठी न्हाई. होडी आपोआप येणार."

"येऊ दे," कांचन म्हणाली. आम्ही दोघेही चमकलो. "पण परतही येऊ दे, सर. चिमी शाळेत पोचते आणि खेळ संपतो, हे चूक आहे. शाळा सुटल्यावर पोरगी घरी नाही का येत?"

"अगं, पण गोष्ट संपल्यावर..."

"संपत नाही," मी म्हणालो. मला माझाच आवाज मोठा वाटला. "सर, त्या बाईंनी मला विचारलं, की माय पुन्हा का दिसत नाही. मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, कांचनकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "आणि होडी आपोआप आणायचं ठरलंय, त्याचं काय?"

"नकोच," कांचन म्हणाली. "लेक परत येणार म्हटल्यावर आई मारेल हाक. ते तिच्याच हातात राहू दे."

"करा बाबांनो. करा काय करायचं ते," सर म्हणाले. "पण एक सांगतो. नारळाला मर्यादा घाल, चौगुले. एका पोरीला एक नारळ. त्याच्यावर न्हाई."

आम्ही झपाटल्यासारखे कामाला लागलो. शाळा सुटते, होडी माघारी फिरते, घाटावर आई उभी असते, एवढं बसवायचं होतं. पिशवी कितीही भरली तरी फोन अडकू नये, तेही मी दुरुस्त केलं आणि वर सरांची नारळाची मर्यादा घातली. कांचनने आईचं चित्र नव्याने काढलं. जुन्या चित्रात आई पाठमोरी होती. आता तिला चेहरा आला. मी तो चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही.

आवाजाची दोन नवी वाक्यं केली. एक सगळ्यांसाठी, होडीतून उतरल्यावरचं. दुसरं गुपचूप ठेवलं. चिमीच्या पिशवीत गहू, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण एकत्र आले, तरच ते वाजणार होतं. माइकपुढे कांचन आधी घसा खाकरत राहिली. मग एका दमात म्हणाली, "माय, ओटी भरली ना माही. आता हाक मार होडीले. मी येतो परत."

नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर गेली त्या दुपारी ऑफिसात कोणी काम केलं नाही. शिंत्रे सर चहा मागवून तो प्यायचा विसरले. कांचन माझ्या खुर्चीत बसली होती, मी तिच्या मागे उभा. ठिपका घरातून निघाला. अंगणात फिरला, बाजारात गेला, फळीपाशी थांबला. मग घाटावर आला.

"ऐकलं असेल का तिनं?" कांचनने विचारलं.

"पिशवी भरलीय. वाजलं असणार."

ठिपका हलेना. हाक मार म्हणून सांगून आपण हिच्या हातात होतं तेवढंही काढून घेतोय की काय, असं वाटायला लागलं. ती घाबरून खेळच काढून टाकेल, पुन्हा कधी हा आवाज ऐकणार नाही. मी कांचनकडे बघायचं टाळलं.

"परत फिरतीया," सर म्हणाले.

खरंच, ठिपका घाटाच्या पायऱ्या चढून घराच्या वाटेला लागला होता. वडाच्या पारापर्यंत गेला. तिथे थांबला. मग वळला, पायऱ्या उतरून पाण्यापाशी आला आणि घाटाच्या चित्रात होडी दिसू लागली.

कांचनने माझं मनगट घट्ट धरलं. होडी पलीकडे लागली. आता तिची आईच चिमी झाली होती आणि रानातून चालली होती. तिला कोडी काही सुटेनात. ओढ्यापाशी तर ती पुन्हा पुन्हा पाण्यात पडली. "अगं डावीकडं दगड हाय, डावीकडं!" सर स्क्रीनवर ओरडले. दुपार तिथेच गेली. अंगणवाडी सुटायची वेळ झाली आणि ठिपका विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. तिसऱ्या दिवशीही. पोरांना झोपवून बाई ओढा ओलांडत होती. शेवटी एकदाची शाळा आली, घंटा झाली आणि होडी माघारी फिरली. घाटावर आई उभी होती.

"माय, आली मी," चिमी म्हणाली.

ठिपका तिथे बराच वेळ होता. मग विझला. तक्रारींचा फोन वाजला तेव्हा आम्ही तिघेही दचकलो. आवाजी निरोप होता. पोरांचा आवाज नव्हता, बहुधा सगळी झोपली होती.

"दादा, खेळ चांगला चालते आता. अटकत नाई. त्या आवाजवालीले एक सांगजा. तिच्या बापानं घरातली शपथ घातली हाय. अंगणवाडी काई त्याच्या घरात नाई. सरकारी हाय. अठी कोणालेबी येता येते. मी तं साऱ्या गावातल्या दोन जीवाच्या पोरींच्या ओट्या भरतो अठी, परतेक महिन्याले. एकच राह्यली माह्याकडून. तिले म्हणा, अकराच्या बाद येजो. खिचडी गरम राह्यते."

कांचनने पुन्हा लावायला सांगितलं नाही. तिने पर्स उचलली, चपला घातल्या आणि दारात थबकली. "सर, रजा..."

"जा की गं! इचारतीस काय!" शिंत्रे सर ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता, पण ते आरडाओरडा करायचेच, त्यामुळे चालून गेलं.

चार दिवसांनी कांचन आली. प्रवासाने चेहरा काळवंडला होता. काय झालं, कोण काय बोललं, हे मला जाणून घ्यायचं होतं. जीव नुसता तुटत होता. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी चौकशी केली नाही. तिने पिशवीतून एक नारळ काढला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. मग दुसरा काढला. मग तिसरा.

"हे काय गं?" सर म्हणाले.

"लग्नानंतरच्या दर वर्षाचा एक," कांचन म्हणाली. "मी सांगितलं तिला, सर, की एका पोरीला एकच नारळ. तर म्हणाली, तुह्या सायबाले म्हणा, हिशेब मायचा हाय."

सरांनी पायरीवर नारळ फोडले. खालच्या टायरच्या दुकानातल्या सगळ्यांनाही खोबरं गेलं. मी माझा तुकडा घेऊन मशीनपाशी आलो, नारळाची मर्यादा उघडली आणि काढून टाकली.